भिंतीपलीकडची मुलं

माझ्या मावशीला खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुकाने सांगत नाही. कुणाला पोहता येत नाही, कुणाला शिट्टी वाजवता येत नाही, तसं तिला खोटं बोलता येत नसे, आणि तिच्या कामात ते फार अडचणीचं होतं. ती सुईण होती. बाळंतीण अर्धमेली होऊन पडलेली असायची, घामाने केस कपाळाला चिकटलेले, आणि विचारायची, "कसं आहे हो बाळ दिसायला?" यावर कुठलीही शहाणी बाई म्हणेल, चंद्राचा तुकडा आहे. मावशी म्हणायची, "डोकं लांबट आलंय, ते बसेल हळूहळू. नाक सासऱ्याचं आहे. ते नाही बसायचं."

लोक नाकं मुरडायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिलाच बोलवायचे. हात चांगला होता तिचा. माझी आई गेली तेव्हा मी शाळकरी होते, तेव्हापासून मावशीकडेच वाढले. घरात ती आणि तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण; माझ्याहून मोठी म्हणून मी तिला ताई म्हणते. मावशीचे यजमान मी येण्याआधीच चर्चच्या दफनभूमीत फाटकाजवळ जाऊन पडले होते. दोन खोल्या, मागे मोरी, पुढच्या खिडकीशी शिलाई मशीन. पुढे त्या मशीनवरच माझं पोट चाललं, अजून चालतंय.

मावशीच्या पिशवीत कात्री, नाळ बांधायचा दोरा, कार्बोलिक साबण, उकळून वाळवलेल्या फडक्यांची गुंडाळी आणि बुचाची एक चपटी बाटली असायची. बाटलीत पाणी, साधं नळाचं. दर रविवारी ते ओतून नवं भरायचं काम माझ्याकडे होतं. ते पिण्यासाठी नव्हतं. जन्मलेलं मूल चर्चपर्यंत पोहोचेल इतका वेळ तगणार नाही असं दिसलं, तर फादरची वाट न बघता सुइणीनेच त्याला बाप्तिस्मा द्यायचा, असा नियम होता. अडीनडीला कुणीही देऊ शकतं. पाणी हवं, शब्द हवेत आणि मनापासून द्यायची इच्छा हवी, एवढंच.

त्यासाठी म्हातारे फादर आमच्या भागातल्या सगळ्या सुइणींना अधूनमधून चर्चच्या मागच्या खोलीत गोळा करून शिकवायचे. मावशी मला बरोबर न्यायची, कारण घरी ठेवली तर मी ताईशी भांडायचे. टेबलावर चिंध्यांची एक बाहुली आणि पाण्याचा जग. फादर विचारायचे, "गुलाबपाणी चालेल?" सगळ्याजणी म्हणायच्या, नाही. "दूध?" नाही. "पावसाचं पाणी?" चालेल. "डबक्यातलं?" इथे सगळ्या एकमेकींकडे बघायच्या. मावशी म्हणायची, "चालेल, पण मी आधी गाळून घेईन." मग एकेकीने उठून बाहुलीच्या डोक्यावर पाणी ओतायचं आणि ओततानाच म्हणायचं की पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. पाणी नुसतं लावून भागत नाही, वाहिलं पाहिजे. एका जाडजूड बाईने एकदा अख्खा जग रिकामा केला, तेव्हा फादर म्हणाले, "बाई, बाप्तिस्मा द्यायचाय, बुडवायचं नाहीये."

हे सगळं कशासाठी, तेही फादर सांगायचे आणि सांगता सांगता हरवून जायचे. येशूने निकदेमाला सांगितलं की पाण्यातून नव्याने जन्म घेतल्याशिवाय देवाच्या राज्यात जाता येत नाही. निकदेम म्हातारा माणूस, त्याने विचारलं, आता या वयात आईच्या पोटात परत कसा शिरू? सुइणींना हा प्रश्न फार आवडायचा, त्यावर त्या काय काय बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग फादर संत ऑगस्टीनवर यायचे. आदामाचं पाप प्रत्येक मूल जन्मतःच घेऊन येतं, बाप्तिस्म्याने ते धुतलं जातं. पेलॅगियस नावाच्या एका साधूने म्हटलं, छे, तान्हं मूल कसलं पापी? त्यावर ऑगस्टीन हात धुऊन त्याच्या मागे लागला आणि त्या साधूचं म्हणणं चर्चने पाखंड ठरवलं. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांना शिक्षा होते, पण अगदी सौम्य, असं ऑगस्टीनचं मत. पुढे कित्येक शतकांनी थॉमस अक्वायनससारख्या विद्वानांना ते जड गेलं. त्यांनी म्हटलं, शिक्षा नाही, दुःखही नाही, पण देवाचं दर्शन मात्र नाही. ती बाळं जिथे राहतात त्या जागेला लिंबो म्हणतात. लिंबो म्हणजे काठ, कापडाची किनार असते तशी. मी त्या वयात तुरपाई शिकत होते, त्यामुळे मला ते बरोबर कळलं. दुमडून आत घातलेला, कुणाला न दिसणारा भाग.

आता हे सगळं वर आकाशात कुठेतरी राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आमच्याकडे त्याची भिंत होती. दफनभूमीला पुरुषभर उंचीची दगडी भिंत, आणि भिंतीच्या मागे, लाकडाच्या वखारीच्या कुंपणापर्यंत, एक चिंचोळी पट्टी. बाप्तिस्मा झालेलं बाळ आत, घंटा वाजवून, प्रार्थना करून. न झालेलं बाहेर. तिथे फादर यायचे नाहीत, खणणारासुद्धा यायचा नाही. बापाने स्वतःच कुदळ घेऊन जायचं. क्रूस लावायची परवानगी नव्हती. लोक खुणेला कौल ठेवायचे, फुटकी बशी ठेवायचे, एकाने दाराची कडी रोवली होती. वखारीचा भुसा उडून सगळ्यावर बसायचा.

आणि मूल आत जाणार की बाहेर, हे मावशीच्या जिभेवर होतं. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, संस्कार जिवंतांसाठी. मूल निळं, लुळं आलं की मावशी आधी त्याच्या पाठीवर थोपटायची, तोंडात फुंकायची, एकदा गार एकदा गरम पाण्यात धरायची. ते करताना दोन बोटं नाळेच्या मुळाशी. ठोका लागला तर पाणी. लागला नाही तर नाही. लागला की नाही असा संशय असेल तर फादरनी शिकवलेला तिसरा रस्ता होता: तू जिवंत असशील तर मी तुला बाप्तिस्मा देते, असं म्हणून पाणी घालायचं. तेही आत जाण्यापुरतं धरलं जायचं. या तिसऱ्या रस्त्यावर मावशीचा हात सढळ होता. बोटाला पुसटसं काही जाणवलं की ती बाटलीचं बूच दातांनी उपटायची. धोबिणीची जुळी तशीच आत गेली, शाळेच्या शिपायाचं मूल तसंच गेलं.

पण जिथे काहीच लागलं नाही तिथे ती नाही म्हणायची, आणि मग कुणी पाया पडो की शिव्या देवो. बेकरीवाला एकदा दारातच तिच्या वाटेत आडवा पडला. "एक शब्द बोला हो, तुमचं काय जातंय?" मावशी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "मी हो म्हटलं तर फादर ऐकतील, खणणाराही ऐकेल. पण बाळाच्या डोक्यावर पाणी पडलेलंच नाही, ते माझ्या बोलण्याने कसं पडणार? देवाला फसवून तुझं पोर तिकडे कुठे पोहोचणार?" तिला वाटत होतं ते असं. दगडाच्या काळजाची नव्हती ती. त्या संध्याकाळी जेवली नाही. पण बेकरीवाल्याने आम्हाला पाव देणं बंद केलं ते कायमचं, आणि मी लांबच्या बेकरीत जायला लागले.

ताईचं लग्न एका सुताराशी झालं. चांगला माणूस, बोलायला मात्र महाग. दिवस राहिले तेव्हा ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली. घरात सुईण असताना दवाखाना कुणाला सुचणार? त्या दिवसांत तिघींचं हसणंखिदळणं चालायचं. मी कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून झबली शिवत होते. मावशी ताईच्या पोटावर हात ठेवून म्हणायची, "नाक आपल्याकडचं असू दे बाबा, बाकी तुझं तू बघ."

कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुपार उलटून गेली तरी मूल येईना. आलं तेव्हा नाळेचा फास गळ्याला होता. मुलगा होता. मी ताईच्या खांद्यामागे बसून तिला धरलं होतं, त्यामुळे मला मावशीचा चेहरा समोर दिसत होता. तिने फास सोडवला, फुंकलं, थोपटलं, पाण्यात धरलं, पुन्हा फुंकलं. बराच वेळ. मग नुसती दोन बोटं नाळेवर ठेवून बसली. एवढा वेळ तिने बोटं कधी ठेवल्याचं मी पाहिलं नव्हतं. शेवटी तिने ती काढून घेतली आणि बाळाला फडक्यात गुंडाळलं.

"आई, पाणी," ताई म्हणाली. तिला सगळं माहीत होतं, सुइणीची मुलगी ती.

"नाही गं," मावशी म्हणाली. "काही नाही त्याच्यात."

जावयाने पेटी स्वतः केली. कुदळही स्वतः मारली, वखारीच्या कुंपणाच्या थोडं अलीकडे, पट्टीच्या अगदी टोकाला, कारण बाकी जागा भरली होती. त्यावर त्याने लाकडाचा एक साधा चौकोनी ठोकळा ठेवला, रंधा मारून गुळगुळीत केलेला. क्रूस नव्हता म्हणून कुणाला हरकत घेता आली नाही.

ताई उठून हिंडायला लागली तशी फादरकडे गेली. मी बरोबर होते. तिने शांतपणे विचारलं, "हेरोद राजाने बेथलेहेमात मारलेल्या बाळांना कुणी बाप्तिस्मा दिला होता? त्यांना तर तुम्ही संत म्हणता, त्यांचा दिवस पाळता."

"तो रक्ताचा बाप्तिस्मा," फादर म्हणाले. "ती येशूसाठी मेली."

"त्यांना माहीत होतं ते?"

उत्तराची वाट न बघता तिने पुढचं विचारलं.

"आणि येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेला चोर? त्याला तर येशूने त्याच दिवशी नंदनवनात नेलं."

"तो इच्छेचा बाप्तिस्मा, बाळ. त्याने मागितलं."

"मागायला तेवढा वेळ मिळाला चोराला," ताई म्हणाली.

नंतर ती चर्चच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत बसायची. एके दिवशी चुलीपुढे बसलेल्या मावशीला तिने सांगितलं, की तुझ्या त्या ऑगस्टीनने स्वतः बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. लहानपणी आजारी पडला तेव्हा त्याच्या आईने, संत मोनिकाने, तयारी केली, मग बरा झाल्यावर राहू दे म्हटलं. त्याचा मुलगा तर पंधरा वर्षांचा घोडा होईपर्यंत तसाच फिरत होता. स्वतःच्या घरात एवढी सवड आणि माझ्या पोराला क्षणाची नाही? मावशी चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिली. तिला ऑगस्टीनची बाजू घ्यायची नव्हती. मला मात्र त्या माणसाचा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि तो संत आहे हे मी जाणून आहे.

ताई नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात राहायला गेली. पुढे तिला मुलगी झाली, मोठ्या इस्पितळात, आणि झाल्यावर आम्हाला कळवलं. ती यायची, नाही असं नाही. आईसाठी औषधं आणायची, लोकरीचे मोजे आणायची, पाय चेपून द्यायची. पण दोघींचं बोलणं म्हणजे गोळी घेतली का, घेतली. झोप लागते का, लागते. शेजारणी म्हणायच्या, काय मुलगी आहे, किती करते आईचं. मला वाटायचं, यापेक्षा भांडली असती तर बरं होतं.

हळूहळू सगळीच बाळंतपणं इस्पितळात जायला लागली. मावशी घरी बसली. मी शिवलेल्या कपड्यांचे कच्चे टाके ती उसवून द्यायची. तिला एक चाळा लागला होता. बसल्या बसल्या ती दोन बोटं कशावरही टेकवायची, टेबलाच्या पायावर, कपाच्या कानावर, खुर्चीच्या हातावर, आणि कान देऊन ऐकल्यासारखी थांबायची. मला वाटलं, म्हातारपण.

म्हातारे फादर वारले, त्यांच्या जागी तरुण फादर आले. त्यांनी एका रविवारी प्रवचनात सांगितलं की लिंबो हा चर्चचा सिद्धान्त कधीच नव्हता, ते विद्वानांचं एक मत होतं. देवाची दया आपल्या नियमांना बांधलेली नाही. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं त्याच्यापाशी आहेत अशी आशा आपण धरू शकतो. आणि म्हणून मागची भिंत पाडून ती पट्टी आत घ्यायची. बाकांवरून हुंदके ऐकू यायला लागले. बेकरीवाला आता काठी टेकत चालायचा, तो उठून बाहेर निघून गेला. मावशी नाकासमोर बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तरुण फादर आमच्या घरी आले. म्हातारीच्या मनावरचा भार उतरवावा, या चांगल्या हेतूनेच आले होते. मावशीने त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "मग मी ज्यांना नाही म्हटलं, ती आता देवापाशी आहेत?"

"तशी आशा आहे, आजी."

"आशा आहे, की आहेत?"

फादर प्रामाणिक होते बिचारे. "आशा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हालाही ठोका नक्की लागलेला नाही," मावशी म्हणाली. फादर हसले. तिने ते विनोदाने म्हटलेलं नव्हतं.

पट्टी आत घ्यायच्या दिवशी ताई येणार होती. मीच फोन करून तिला बोलावलं होतं, आणि ती एका शब्दात हो म्हणाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मला वाटत होतं, आता काय राहिलं? नियमच खोटा निघाला, मग नियम पाळणाऱ्या म्हातारीवर राग किती दिवस धरणार? मायलेकी एकदा गळ्यात गळा घालून रडतील आणि सुटतील. मी चादरी धुतल्या, पडदे धुतले. त्या गडबडीत मावशीने मला हाक मारून शेजारी बसवलं.

"त्या दिवशी मला ठोका लागला होता," ती म्हणाली.

कुठल्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही.

"पुसट. लागायचा, जायचा, पुन्हा लागायचा. पण बोटाला स्वतःचाही ठोका असतो गं. जोरात दाबलं की आपलाच आपल्याला लागतो. परक्याच्या घरी असं झालं की मी म्हणायची, संशय आहे, घाला पाणी. पण ती माझी मुलगी होती. मला तो ठोका इतका हवा होता की मला वाटलं, हा माझाच आहे, मीच लावून घेतेय. वाटलं, घरच्यासाठी सुईण वाकली असं होईल. म्हणून बोटं काढून घेतली." मग तिने दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. "तेव्हापासून बघतेय. माझ्या बोटाचा ठोका कसा असतो ते आता मला पाठ झालंय. तो तसा नव्हता."

मी तिला सांगितलं, हे ताईला सांगायचं नाही. हात जोडले, चिडले, वाट्टेल ते बोलले. "अगं, आता काय उपयोग आहे त्याचा? ती येतेय, ते पुरे नाही तुला? फादर म्हणतात पाण्याला काही महत्त्व नव्हतं."

"तसं नाही म्हणाले ते," मावशी म्हणाली. "आणि ती मला कशासाठी माफ करणार, तेच तिला माहीत नसेल तर ती माफी कुणाला गेली?"

भिंत आदल्या दिवशीच कामगारांनी पाडून दगड बाजूला रचले होते. माणसं पुष्कळ आली होती, बहुतेक म्हातारी. जी बशी, जे कौल आपलं म्हणून ठाऊक होतं त्याच्यापाशी जोडीजोडीने उभी राहिली. काही खुणांपाशी कुणीच नव्हतं. तरुण फादर पट्टीच्या एका टोकापासून पवित्र पाणी शिंपडत निघाले आणि वखारीत त्या वेळी करवत चालू होती, त्यामुळे प्रार्थना नीट ऐकू येत नव्हती. ताई नवऱ्याशेजारी उभी होती. ठोकळा पावसाने काळा पडून चिरला होता. फादर तिथे आले, पाणी शिंपडलं, आणि ताईने मान खाली घातली. मावशीला मी दगडांच्या ढिगावर बसवलं होतं. पाणी पडताना ती डोळे मिटून घेईल असं मला वाटलं होतं, पण ती बघत होती.

घरी आल्यावर ताईने स्वतः चहा केला. आईला बशीत ओतून दिला, गार करून. जावई बाहेर ओट्यावर बसला होता. मी मनात म्हणत होते, गप्प बस, आजचा दिवस गप्प बस. मावशीने बशी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने, एक शब्द कमी नाही की स्वतःच्या बाजूने एक शब्द जास्त नाही.

ताईने मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "धोबिणीच्या जुळ्यांच्या वेळी तुला कितपत लागला होता?"

"तुझ्या बाळाहून कमी," मावशी म्हणाली.

"आणि शिपायाच्या?"

"त्याहून कमीच."

"म्हणजे सगळ्या गावाच्या पोरांना तू संशयाचा फायदा दिलास," ताई म्हणाली. "माझंच तेवढं पक्कं मेलेलं होतं."

मावशीने हात पुढे केला. ताईने तो बाजूला सारला नाही, पण घेतलाही नाही. तिने कपबशा विसळल्या, पालथ्या घातल्या, चप्पल घातली आणि नवऱ्याला म्हणाली, चला, गाडी चुकेल. गाडीला बराच वेळ होता.

त्यानंतर औषधं पोस्टाने यायला लागली.

मावशी थंडी सरताना गेली. छातीत कफ झाला होता, बोलताना धाप लागायची. फादर शेवटचा संस्कार द्यायला आले तेव्हा तिने त्यांच्याकडे एक मागणं केलं, माझ्यादेखत. मला यजमानांजवळ नको, मागे त्या मुलांत ठेवा. नातवाशेजारी जागा असेल तर तिथे. फादर म्हणाले, तुमच्या यजमानांजवळची जागा राखून ठेवलेली आहे, आजी. ती म्हणाली, राहू दे ती. ज्यांना मी बाहेर ठेवलं, त्यांच्यात मला जाऊ दे. फादरनी मान डोलावली आणि खणणाऱ्याला बघून यायला सांगितलं. ठोकळा आणि वखारीचं कुंपण यांच्यामध्ये एकाच माणसाची जागा निघाली.

ताई पहिल्या गाडीने आली. आईचा चेहरा पुसला, केस विंचरले, माझ्याआधी तिनेच सगळं हातात घेतलं. मी तिला मावशीची इच्छा सांगितली. सांगताना माझा आवाज चढला होता, कारण ती काय म्हणेल याचा मला अंदाज आला होता.

"तिथे नाही," ताई म्हणाली.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "तिने आयुष्यात तुझ्याजवळ काही मागितलं? एवढं एकच मागितलं, तेही मेल्यावर. आणखी किती दिवस शिक्षा करणार आहेस तिला? ऑगस्टीनपेक्षा वरताण निघालीस तू."

ताईने विंचरलेल्या केसांची सैल वेणी घातली, टोकाला दोरा बांधला. माझ्यावर चिडली नाही ती.

"शिक्षा नाही गं," ती म्हणाली. "तिथे एकच जागा आहे, ती माझ्यासाठी राहू दे. तिने त्याला घेतलं होतं, त्या दिवशी, किती वेळ घेऊन बसली होती. मला कुणी दिलंच नाही. फडक्यात गुंडाळलं आणि बाहेर नेलं. मी त्याला एकदाही घेतलेलं नाही."

मी खणणाऱ्याकडे गेले आणि त्याला सांगितलं, मागे नको, पुढे फाटकापाशी खण, यजमानांजवळ. तो म्हणाला, मागचा खड्डा अर्धा झालाय. मी म्हटलं, बुजव. तो बुजवेपर्यंत मी तिथे उभी राहिले.